रास्पबेरी पाय ४ : ऑफिसच्या मॉनिटरवर गेम झकास, हॉलमधल्या टीव्हीवर ‘नो सिग्नल’

गच्चीवरचा_कावळा

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. जरा मदत करा.

रास्पबेरी पाय ४ (छोटासा एका बोर्डाचा कॉम्प्युटर, ४ जीबीवाला) घेतलाय आणि त्यावर रेट्रोपाय ४.८ (जुने व्हिडिओ गेम चालवणारी प्रणाली) टाकलंय. ऑफिसातून आणलेल्या २२ इंची मॉनिटरवर सगळं मस्त चालतं. तोच पाय, तेच कार्ड हॉलमधल्या ४३ इंची फोर-के टीव्हीला लावलं की बहुतेक वेळा ‘नो सिग्नल’. कधीमधी चित्र येतं, पण त्यावर पांढरे ठिपके चमचमत असतात. मग पडदा दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो. आवाजही तेव्हाच तुटतो.

शिवाय दोन जोडतक्रारी. खेळता खेळता गेम मध्येच संथ होतो. आणि ब्लूटूथ पॅडचं कनेक्शन जातं, तेही नेमकं उडी मारायच्या वेळी.

सामान असं: पायला मायक्रो एचडीएमआयचा छोटा कनेक्टर, त्याला सेट टॉप बॉक्सबरोबर आलेली एचडीएमआय केबल. पॉवरला मोबाइलचा १८ वॉटचा फास्ट चार्जर. केस अ‍ॅल्युमिनियमची. गेम सगळे निळ्या पोर्टात लावलेल्या पेनड्राइव्हवर.

दिवाळीत आमची चुलत-मावस पलटण सांगलीहून पुण्यात येणार आहे आणि मी ‘तो जुना कॉन्ट्रा गेम लावतो’ असं सगळ्यांना सांगून बसलोय. टीव्ही खराब आहे असं घरात कुणी मानायला तयार नाही, कारण त्यावर मालिका व्यवस्थित दिसतात.

चिवडा_बिनकांद्याचा

मी पयला!

(यातलं काही कळत नाही, पण कॉन्ट्राला आमचा पाठिंबा.)

वायरमन_काका

कावळेबुवा, माहिती नीट दिलीत हे बरं केलंत. नाहीतर लोक नुसतं ‘चालत नाही’ लिहून गायब होतात.

आधी हे सांगा. पाय ४ ला मायक्रो एचडीएमआयची दोन भोकं आहेत. तुमची केबल पॉवरच्या सी-टाइप भोकाच्या शेजारी आहे की पलीकडच्या भोकात? शेजारचं ते शून्य नंबरचं. एकच पडदा असेल तर तेच वापरायचं.

दुसरं, एक फुकटची परीक्षा. मेमरी कार्ड काढून घ्या, पेनड्राइव्हही काढा, टीव्ही आधी चालू करा आणि मग पायला वीज द्या. पाय ४ च्या बोर्डावरच बूटलोडरची (पाय सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) चिप असते. ती फारच जुन्या आवृत्तीची नसेल, तर कार्ड नसतानाही पडद्यावर रास्पबेरीचं चित्र आणि खाली चारदोन ओळी दिसतात. तो पडदा साध्या, कमी रिझोल्यूशनचा असतो. तो स्थिर दिसला तर बोर्ड, भोक, वायर यातलं काही मेलेलं नाही असं धरून पुढे जाता येतं.

नागपूरचा_संत्रा

काऊन इतकं डोकं लावून राहिले? घरात जुना लॅपटॉप असंलच ना बाप्पा. पेनड्राइव्हवर बाटोसेरा (रेट्रोपायसारखीच गेमची प्रणाली) टाका, त्यावरूनच बूट करा, पूर्ण साइजची एचडीएमआय केबल टीव्हीला खोचा, झालं. ना मायक्रोची कटकट, ना चार्जरची. आमच्या घरी सहा-सात वर्षं जुना लॅपटॉप अजूनही पोट्टे मारामारी करून खेळतात.

बुधवारातला_बंड्या

एचडीएमआयचा सिग्नल कमी पडतोय. ‘कॉन्फिग’ फाइलीत एचडीएमआय बूस्ट ७ करा, ठिपके जातील. माझ्या पाय ३ वर याच उपायाने गेले होते.

आणि ते छोटे कनेक्टर तपकीर गल्लीत ढिगाने मिळतात, पण दुकानदाराला ‘मायक्रो’ असं दोनदा बजावून सांगा. मिनी आणि मायक्रो वेगळे. पाय झीरोला मिनी लागतो, पाय ४ आणि ५ ला मायक्रो. घरी आल्यावर रेटून बसवायला गेलात तर भोक बोर्डावरून उखडेल.

तारेवरची_ताई

बंड्या, बूस्टचा उपाय पाय ३ पर्यंतच. पाय ४ ती ओळ वाचतच नाही. टाकली तरी नुकसान नाही, उपयोगही नाही.

कावळा, तुमच्या वर्णनातले पांढरे ठिपके सगळ्यात बोलके आहेत. अ‍ॅनालॉग काळात सिग्नल कमजोर झाला की मुंग्या यायच्या आणि चित्र हळूहळू बिघडायचं. एचडीएमआयमध्ये तसं होत नाही. बिट नीट पोचले तर चित्र शंभर टक्के ठीक, थोडे चुकले तर तेवढे पिक्सेल भलत्या रंगाचे होऊन चमचमतात, आणि जास्त चुकले की टीव्ही हात वर करून ‘नो सिग्नल’ म्हणतो. तुमची वायर नेमकी त्या काठावर आहे.

मग मॉनिटरवर का चालतं? तुमचा मॉनिटर बहुधा १०८० रेषांचा असेल. टीव्ही फोर-के. पाय सुरू होताना टीव्हीला विचारतो, ‘तुला काय आवडतं?’ टीव्ही सांगतो ३८४० बाय २१६०. पाय ४ मुकाट्याने ते ३० हर्ट्झला पाठवायला लागतो. १०८० ला ६० हर्ट्झवर पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) १४८.५ मेगाहर्ट्झ असतो, फोर-के ३० ला बरोबर दुप्पट, २९७. सेट टॉप बॉक्सची जुनी केबल आणि वर तो छोटा कनेक्टर, यांना पहिलं झेपतं, दुसरं झेपत नाही.

शिवाय ३० हर्ट्झवर हे गेम खेळण्यात काही राम नाही. जुने कन्सोल सेकंदाला साधारण ६० चित्रं काढायचे. त्यातली निम्मी फेकून द्यायची आणि मग ‘उडी उशिरा लागते’ म्हणायचं, असं होतं.

तेव्हा वायर बदलण्याआधी पायला सांगा, की टीव्ही काहीही म्हणो, तू १०८० च दे. कार्ड कॉम्प्युटरला लावा, ‘बूट’ नावाचा छोटा भाग दिसेल. त्यातल्या ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’मध्ये शेवटी या ओळी घाला (इथे देवनागरीत लिहितेय, फाइलीत रोमनमध्येच हव्यात):

एचडीएमआय_ग्रुप=१
एचडीएमआय_मोड=१६
एचडीएमआय_ड्राइव्ह=२
एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग=१

ग्रुप १ म्हणजे टीव्हीची यादी, त्यात १६ नंबर म्हणजे १०८० ला ६० हर्ट्झ. ग्रुप २ ही मॉनिटरची यादी, तिथे १६ चा अर्थ १०२४ बाय ७६८ होतो, म्हणून दोन्ही आकडे जोडीने बघायचे. ड्राइव्ह २ मुळे आवाजही एचडीएमआयमधून जातो. शेवटची ओळ टीव्ही बंद असताना पाय सुरू झाला तरी सिग्नल चालू ठेवण्यासाठी.

वायरमन_काका

ताईंशी सहमत. पण मी सांगितलेली कार्डाविना परीक्षा तरी आधी होऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार ओळी, नवी केबल आणि नवा चार्जर एकदम लावलात आणि चाललं, तर कशामुळे चाललं ते कळणार नाही. पुढच्या वेळी बिघडलं की पुन्हा इथेच याल.

चिवडा_बिनकांद्याचा

काकांना धाग्याचा टीआरपी वाढवायचाय. ;)

सोमवारची_सुट्टी

एक सूचना राहिली. कार्ड विंडोजमध्ये लावलं की ‘बूट’ भाग दिसतोच, पण त्याबरोबर दुसरी एक खिडकी येते, ‘ही डिस्क फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही, करू का?’ तिला चुकूनही हो म्हणू नका. तो लिनक्सचा भाग आहे, विंडोजला वाचता येत नाही इतकंच. आमच्या एका मित्राने सौजन्याने ‘हो’ म्हटलं आणि जमवलेली सगळी सेव्ह गेली.

गच्चीवरचा_कावळा

काका, ताई, धन्यवाद. भोक पॉवरशेजारचंच आहे.

कार्ड काढून पाहिलं. टीव्हीवर रास्पबेरीचं चित्र आलं आणि चांगला पाच मिनिटं पडदा हलला नाही, एक ठिपका नाही. कार्ड घातलं की पुन्हा तोच तमाशा. म्हणजे ताई म्हणतात तेच दिसतंय. ऑफिसचा मॉनिटर १०८० चाच आहे.

एक शंका. त्या चार ओळींऐवजी ‘एचडीएमआय_सेफ=१’ ही एकच ओळ पुरते असं एका व्हिडिओत पाहिलं. तसं करू का?

तारेवरची_ताई

सेफ ही फक्त परीक्षेपुरती ठेवा. ती घातली की पाय ६४० बाय ४८० सारख्या अगदी खालच्या पायरीवर येतो. चित्र दिसेल, पण ४३ इंची पडद्यावर मेनूची अक्षरं वीटभर दिसतील. जिथे काहीच येत नाही तिथे ‘निदान काहीतरी येतं का’ एवढंच बघायला ती ओळ. तुमच्याकडे ती परीक्षा कार्ड काढून झालीच आहे.

म्हापशाचा_पाव

गोव्याकडची एक वेगळीच कथा सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात हीच ठिपक्यांची तक्रार आली होती आणि रिझोल्यूशन मुळीच फोर-के नव्हतं. साधा ७२० चा टीव्ही. समुद्र जवळ, हवा खारी आणि दमट. टीव्हीच्या भोकातले पितळी दात हिरवट पडले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून, वीज बंद ठेवून, हळू साफ केलं, पूर्ण वाळू दिलं आणि चित्र स्वच्छ. किनारपट्टीवरच्या लोकांनी आधी हे बघावं. पुण्यातल्या लोकांनी ताईंचं ऐकावं.

कॅसेटफुंकर

भोक साफ करण्यावरून आठवलं. आपण सगळ्यांनी टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारलेली आहे. ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट, आत गेम खरे दहा-बारा, बाकी सगळे तेच पुन्हा पुन्हा, मारिओ कधी उलट्या रंगात तर कधी थेट चौथ्या लेव्हलपासून.

सोमवारची_सुट्टी

आणि फुंकरीने काही होत नसे, बरं का. कॅसेट काढून परत घातली की संपर्क नव्याने बसतो, त्याने चालायचं. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट तांब्याचे पट्टे काळे पडतात.

कॅसेटफुंकर

सुट्टीसाहेब, लहानपणावर पाणी ओतलंत. निषेध!

असो. अवांतर आहे, पण विचारतोच. माझ्याकडे गावच्या घरात २१ इंची जुना डबा टीव्ही आहे, मागे पिवळं-पांढरं-लाल भोक असलेला. पाय ४ त्याला लावता येईल का? ऑडिओ जॅकमधून व्हिडिओ निघतो असं वाचलंय. एक एव्ही केबल आणली, पण चित्र काळंपांढरं आणि आवाजाऐवजी नुसती घरघर.

वायरमन_काका

निघतो. पायच्या त्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकला चार कप्पे आहेत. टोकापासून मोजायचं: डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड आणि सगळ्यात आत व्हिडिओ. बाजारातल्या बऱ्याच एव्ही केबली जुन्या हँडीकॅमसाठी बनलेल्या, त्यांचा क्रम वेगळा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पिवळ्या पिनेचा मधला खिळा जॅकच्या कोणत्या कप्प्याशी बोलतो ते बघा. ग्राउंड जागेवर असेल आणि बाकीचे तीन आपसात बदललेले असतील, तर नवी केबल नको. टीव्हीच्या पिवळ्या भोकात पिवळ्याऐवजी लाल किंवा पांढरी खोचून बघा. ग्राउंडच चुकीच्या कप्प्यावर असेल तर ती केबल परत करा.

घरघर ही बहुधा आवाजाच्या भोकात व्हिडिओ गेल्याची आहे.

काळंपांढरं मात्र वेगळं कारण दिसतंय. पाय न सांगता एनटीएससी (अमेरिकेकडची जुनी टीव्ही पद्धत) पाठवतो, आपल्याकडची पद्धत पाल. एनटीएससीचा रंग ३.५८ मेगाहर्ट्झवर येतो, पाल टीव्ही तो ४.४३ वर शोधतो, सापडत नाही, म्हणून रंग गायब. कॉन्फिगमध्ये ‘एसडीटीव्ही_मोड=२’ करा, म्हणजे पाल. पाय ४ वर याच्या जोडीला ‘इनेबल_टीव्हीआउट=१’ लागतं, कारण तिथे हा रस्ता मुळात बंद ठेवलेला असतो. तुमचं चित्र येतंय म्हणजे ती ओळ तुम्ही घातली असणार. एचडीएमआयची वायर काढून ठेवा आणि ताईंनी वर दिलेली फोर्स हॉटप्लगची ओळ तुम्ही घालू नका, नाहीतर पाय एचडीएमआयकडेच बघत बसेल.

आणि एक. चित्र नाही आलं म्हणून त्या डब्याचं मागचं झाकण उघडायचं नाही. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि स्विच काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

तारेवरची_ताई

काका, थोडी दुरुस्ती सुचवते. पाल केलं की रंग येईल, पण ५० हर्ट्झ होईल आणि आपण खेळतो ते बहुतेक गेम ६० चे. आडवं सरकताना चित्र दर थोड्या वेळाने अडखळेल. नव्वदीच्या शेवटाकडचे बरेच टीव्ही एव्हीवर दोन्ही पद्धती घेतात. आधी टीव्हीच्या मेनूत ‘कलर सिस्टिम’ ऑटोवर आहे का बघा. ऑटोवर नेल्यावर एनटीएससीतच रंग आला तर उत्तम. मग ‘एसडीटीव्ही_मोड=१६’ करून पाहा, त्यात प्रोग्रेसिव्ह म्हणजे २४० रेषांचं चित्र जातं. जुने कन्सोल नेमकं हेच पाठवायचे. त्या रेषा, त्या फटी, सगळं तसंच. फोर-केवर कितीही फिल्टर लावा, ते येत नाही.

वायरमन_काका

मान्य. पण गावच्या टीव्हीचा रिमोट सापडणार आहे का, हा खरा प्रश्न.

कॅसेटफुंकर

काका अंतर्ज्ञानी आहेत. रिमोट नाही.

नागपूरचा_संत्रा

मग लॅपटॉप!

गच्चीवरचा_कावळा

माझा धागा डबा टीव्हीने पळवला. परत घेतो.

ताईंच्या ओळी घातल्या. चित्र पहिल्याच फटक्यात आलं. ठिपके नाहीत, ‘नो सिग्नल’ नाही. केबल तीच, कनेक्टर तोच. मुद्दाम त्या ओळींपुढे रेघ मारून पुन्हा बंद करून पाहिलं, पुन्हा ठिपके. म्हणजे निदान पक्कं. घरच्यांनीही टीव्हीला निर्दोष सोडलं आहे.

पण संथपणा आहेच. मध्येमध्ये वरच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चित्र चमकून जातं. आणि पॅड अजून सुटतंय.

सोमवारची_सुट्टी

ती वीज म्हणजे व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेल्याची खूण. चार्जर.

सॅन_होजेचा_सदाशिव

इथून रात्री वाचतोय. सुट्टींचं बरोबर आहे, फक्त ‘चार्जर’ म्हणून सोडून देऊ नका, वायरसुद्धा बघा.

कावळे, तुमचे १८ वॉट बहुधा ९ व्होल्टला २ अँपिअर असे आहेत. पाय ४ ला ९ व्होल्ट मागताच येत नाहीत, तो ५ वरच घेतो. तिथे तो चार्जर किती देतो ते त्याच्याच पाठीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. वाचा.

आता वायरीचा हिशोब. स्वस्त चार्जिंग केबलीत वीज नेणाऱ्या तारा २८ गेजच्या असतात. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जायची एक, यायची एक, म्हणजे मीटरभर केबलला ०.४२ च्या आसपास. पायने एक अँपिअर ओढला की ०.४२ व्होल्ट वायरीतच जिरले. ५ वजा ०.४२ म्हणजे ४.५८. आली वीज! आणि गेम, पेनड्राइव्ह मिळून एक अँपिअर सहज लागतो. म्हणून पाय ४ चा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा असतो आणि त्याची वायर कायमची जोडलेली असते. तो वरचा ०.१ याच गळतीसाठी.

खात्री करायची तर टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ हा आदेश द्या. उत्तर शून्य-एक्स-शून्य आलं तर सगळं आलबेल. शून्य-एक्स-५०००५ आलं तर शेवटचे ५ म्हणजे १ अधिक ४: आत्ता व्होल्टेज कमी आहे आणि म्हणून आत्ता वेगही कमी केलाय. पुढचे ५ म्हणजे सुरू केल्यापासून हे कधीतरी घडून गेलंय. नुसत्या उष्णतेने वेग कमी झाला तर आकडा वेगळा येतो. पाय ४ ८० अंशांना स्वतःला आवरायला लागतो.

अजून एक. पाय ४ च्या पहिल्या बॅचमध्ये सी-टाइप भोकाच्या रचनेत एक रोधक कमी होता. त्यामुळे लॅपटॉपच्या काही भारी, चिप असलेल्या केबली लावल्या की चार्जर त्याला भलतंच यंत्र समजून वीजच देत नसे. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणजे बारीक वायर नको आणि अतिहुशार वायरही नको.

चिवडा_बिनकांद्याचा

सदाशिवराव, सहावीच्या भौतिकशास्त्राच्या बाई आठवल्या. ठ्ठो!

बुधवारातला_बंड्या

बूस्टवरून माझा पोपट झाला, पण वायरीच्या हिशोबाला +१. याच विषयात अवांतर माहिती: पहिला पाय २०१२ मध्ये २९ फेब्रुवारीला विक्रीला आला. म्हणजे त्याचा वाढदिवस मोरारजीभाईंच्या दिवशी, दर चार वर्षांनी.

गच्चीवरचा_कावळा

शून्य-एक्स-५०००५. अगदी अक्षरशः तेच!

चार्जरच्या पाठीवर: ५ व्होल्ट २ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर. सदाशिवदादा, साष्टांग नमस्कार. ५.१ व्होल्टचा ३ अँपिअरवाला अ‍ॅडॉप्टर मागवलाय.

निरागस_नेटकरी

रेट्रोपायवर गॉड ऑफ वॉर चालेल का? प्ले स्टेशन टू वाला.

सोमवारची_सुट्टी

नाही. पाय ४ वर प्ले स्टेशन वनपर्यंत आरामात, एन-६४ आणि पीएसपी काही गेम चांगले, काही रडत. प्ले स्टेशन टूचा विचार सोडा.

संत्राविरोधी

आणि गेमच्या फाइली कुठून आणायच्या हे इथे कुणी विचारू नये. आपल्याकडे असलेल्या कॅसेटची नक्कल आणि कुठून तरी उतरवलेला गठ्ठा यात कायद्याने फरक आहे. संपादक धागा वाचनमात्र करतील.

नागपूरचा_संत्रा

माझ्या विरोधात सदस्यनाव घेतलं का बे कोणी? :))

संत्राविरोधी

योगायोग. मला मोसंबी आवडतात, इतकंच.

रात्रपाळी_राणी

मी पाय ४ वरच, पण रेट्रोपायची तयार इमेज (कार्डावर उतरवायची आयती फाइल) नाही, रास्पबेरीची नवी ओएस (बुकवर्म) टाकून त्यावर सगळं बसवलंय. ताईंच्या चारही ओळी घातल्या, काहीही फरक नाही. फोर-केवरच अडकलंय. माझंच काय चुकतंय?

तारेवरची_ताई

तुझं काही चुकत नाहीये गं, रस्ताच बदललाय. रेट्रोपाय ४.८ ची इमेज जुन्या बस्टर ओएसवर आहे, तिथे पडद्याचा मोड पायचं फर्मवेअर (पायचं स्वतःचं आतलं सॉफ्टवेअर) ठरवतं, म्हणून कॉन्फिगच्या ओळी लागू पडतात. नव्या ओएसमध्ये ते काम लिनक्सच्या कर्नलकडे, म्हणजे ओएसच्या गाभ्याकडे गेलं. तो या ओळींकडे बघतही नाही.

तिथे ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’ नावाची दुसरी फाइल आहे, तिच्यात सगळं एकाच लांबलचक ओळीत असतं. त्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०x१०८०@६०डी’ असं जोड. खाली नवी ओळ करू नकोस. शेवटचा ‘डी’ म्हणजे टीव्ही बंद असला तरी पाठवत राहा. बुकवर्ममध्ये या दोन्ही फाइली ‘बूट’च्या आत ‘फर्मवेअर’ फोल्डरात गेल्यात. जुन्या जागीही कॉन्फिग नावाची फाइल दिसते, तिच्यात लिहिलंस तर काही होणार नाही. हे पाय ५ वाल्यांनाही लागू.

रात्रपाळी_राणी

झालं! ताई, मी जुन्या जागच्या फाइलीतच लिहीत होते. वाचनखूण साठवली आहे.

गच्चीवरचा_कावळा

अहवाल. नवा अ‍ॅडॉप्टर आला. तासभर खेळून आदेश दिला, शून्य-एक्स-शून्य. संथपणा गेला, कोपऱ्यातली वीज गेली.

पॅड मात्र सुटतंच आहे. नवा पॅड घेऊ का?

म्हापशाचा_पाव

केस अ‍ॅल्युमिनियमची म्हणालात ना? पाय ४ चा ब्लूटूथ आणि वायफायचा अँटेना बोर्डावरच छापलेला असतो. त्याभोवती धातूचा डबा म्हणजे लहरी कोंडणार. झाकण काढून बघा.

सॅन_होजेचा_सदाशिव

पावसाहेब, केसचा वाटा असेल, पण मला पेनड्राइव्हवर जास्त संशय आहे. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यातून माहिती वाहताना जो विद्युत गोंगाट होतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो, आणि ब्लूटूथ तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. स्वस्त पेनड्राइव्हचं कवच पातळ, गोंगाट जास्त. पॅड सुटतो तो नवा गेम उघडताना की मधेच?

गच्चीवरचा_कावळा

आता म्हणालात तर… गेम बदलताना जास्त. आणि पीएसवनच्या मोठ्या गेममध्ये, लेव्हल लोड होताना.

सॅन_होजेचा_सदाशिव

म्हणजे पेनड्राइव्ह वाचला जातो तेव्हा. तो काळ्या पोर्टात लावा, तो यूएसबी २ आहे. जुन्या गेमना तेवढा वेग पुरून उरतो. किंवा हातभर एक्स्टेन्शनवर बोर्डापासून लांब न्या. पॅडवर पैसे घालवू नका.

वायरमन_काका

आधी फक्त पोर्ट बदला. झाकण नंतर. मी वर काय म्हणालो होतो?

चिवडा_बिनकांद्याचा

‘एका वेळी एकच गोष्ट.’ काका, टी-शर्ट छापा.

गच्चीवरचा_कावळा

काकांच्या क्रमाने केलं. काळ्या पोर्टात टाकल्यावर सुटणं जवळजवळ बंद. सोफ्यावरून खेळलं तर अजूनही क्वचित एकदा. मग झाकण काढलं, तेव्हा तेही बंद. म्हणजे सदाशिवदादा आणि पावसाहेब दोघेही बरोबर, दादा थोडे जास्त.

झाकणाशिवाय पाय ७० अंशांपर्यंत जातोय, ८० च्या आत आहे म्हणून तसाच ठेवतो. आमचं मांजर त्यावर झोपायला लागलं तर प्लॅस्टिकची, पंखा असलेली केस घेईन.

सोमवारची_सुट्टी

आता टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. टीव्ही चित्र ‘सुंदर’ करायला जो वेळ खातो तो वाचतो, उडी वेळेवर लागते. आणि मेनूच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्याच सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी असतं ते निवडा. कॉन्फिगमधल्या ओव्हरस्कॅनशी खेळण्याआधी हे करा.

कॅसेटफुंकर

माझाही अहवाल. मल्टिमीटरने बघितलं, ग्राउंड जागेवर होतं. पिवळ्या भोकात लाल पिन खोचली, घरघर गेली, आवाज स्वच्छ आला. चित्र काळंपांढरंच राहिलं. मग तालुक्याच्या दुकानातून सगळ्या टीव्हींना चालणारा रिमोट आणला. कलर सिस्टिम पालवर अडकवून ठेवली होती, ऑटोवर नेल्यावर एनटीएससीत रंग आला. मोड १६ पण चालतोय. कॉन्ट्राची जुनी चोरकळ वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए केली, तीस जिवांनी सुरू. तरी तिसऱ्या लेव्हलला मेलो.

आता पाय ५ घेतला तर त्यालाही हीच केबल लागेल का?

वायरमन_काका

नाही. पाय ५ वर ऑडिओ जॅकच नाही. व्हिडिओसाठी बोर्डावर दोन छोटी भोकं सोडली आहेत, तिथे पिना सोल्डर करून पिवळं सॉकेट स्वतः जोडावं लागतं आणि आवाजाची सोय वेगळी करावी लागते. डबा टीव्हीसाठी हाच ४ ठेवा. ३ मिळाला तर तोही चालेल, त्याला पूर्ण साइजचं एचडीएमआय आहे आणि जॅकही.